दारापर्यंतची धाव

मधुकरबुवांचं बोलणं मधुकरबुवांच्याच बोलण्यानं खोटं ठरवायला सरकारी वकिलांनी कोर्टात एक पेनड्राइव्ह दिला आहे, ही बातमी रविवारी दुपारी जाम गावातल्या त्यांच्या घरी पोचली, तेव्हा बुवा वांग्याच्या भाजीला नावं ठेवत होते.

"रुख्मिणी, यात मीठ टाकलं का नुसतं दाखवलं?"

"डॉक्टरनं तुमचं मीठ बंद केलं, मामाजी. माहं नाई," सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाकी पंगत हसली. खुनाचा खटला ज्या घरावर चालू आहे, ते घर असं हसू शकतं हे बाहेरच्यांना खरं वाटत नसे. पण दोन वर्षं कोणी सतत रडू शकत नाही. देवच तेवढी सोय करून ठेवतो.

दोन वर्षांमागं, वैशाखातल्या भर दुपारी, चौफुलीवरच्या त्यांच्या कापडदुकानात अंकित नावाचा एक तरुण सुरा घेऊन शिरला होता. गल्ला उघड म्हणत त्यानं रुख्मिणीच्या गळ्याला सुरा लावला आणि तिनं हातातली कापड मोजायची लोखंडी पट्टी फिरवली. एकच घाव, कपाळाच्या डाव्या अंगाला. तो वळला, झोकांड्या खात दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यात पडला. पुन्हा उठला नाही. रुख्मिणीच्या गळ्याला चार टाके पडले, आणि ते टाके घेऊन ती साडेचार महिने तुरुंगात राहून जामिनावर आली. तिनं मारलं हे ती स्वतःही नाकारत नव्हती. प्रश्न एवढाच होता, की मारलं तेव्हा तो अंगावर येत होता की पळून चालला होता? अंगावर येणाऱ्याला मारलं तर तो स्वतःचा बचाव. पळणाऱ्याला गाठून मारलं तर तो खून. आणि हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस अख्ख्या जगात एकच होतं : दुकानात पंख्याखाली बसलेले तिचे सासरे. त्यांची साक्ष उद्या होती.

रुख्मिणीच्या वकील मंजुषाताई पायऱ्या चढून आल्या त्याच लॅपटॉप उघडत. "जेवण राहू द्या. हे पाहा."

पडद्यावर वडनेरचं हनुमानाचं देऊळ होतं, माणसांनी गच्च भरलेलं. मधोमध उपरणं कमरेला गुंडाळून, चिपळ्या उंचावून मधुकरबुवा कीर्तनाला उभे. पूर्वरंग संपून आख्यान ऐन रंगात आलेलं. "आणि मग काय झालं, मायबाप? राक्षस पळाला! पुढं राक्षस, मागं माझी सून रुख्मिणी! कुठं पळशील रे चांडाळा? हातात तळपती तलवार, अन् उंबऱ्यावर गाठला… गाठला… गाठला!" प्रत्येक 'गाठला'ला तबला कडाडत होता. लोक टाळ्या पिटत होते. कोणीतरी जगदंबेचा जयजयकार केला.

व्हिडिओ संपला.

बुवांची मान आपल्याच आवाजावर नकळत डोलली होती. ती त्यांनी हळूच थांबवली. "आवाज मात्र चांगला लागलता त्या दिवशी," ते पुटपुटले.

"बाबा!" देवेंद्रनं हातातला घास ताटात आपटला. रुख्मिणीचा नवरा तो. दोन वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते. "तिले जन्मठेप होईल अन् तुम्ही आवाज पाहून राह्यले?"

"बरोबर बोलले जावईबापू," बंडूजी म्हणाले. बंडूजी म्हणजे रुख्मिणीचे थोरले भाऊ, वडनेरचे किराणा व्यापारी. आवाजानं आणि पोटानं सारख्याच घेराचे. "बुवायचं चुकलंच. पण त्याच्याहून मोठा गुन्हेगार कोण? हे मोबाइलवर टाकलं कोणत्या गाढवानं? त्याले पहिले शोधा. मी सोडत नाई त्याले!"

बुवांची मुलगी इला हिंगणघाटच्या शाळेत मराठी शिकवते. शाळेतल्या बाईंच्या सवयीनं तिनं लॅपटॉप ओढून खालची बारीक अक्षरं वाचली. "वडनेर भक्तिधारा. बंडूजी, हे चॅनेल तर तुमचंच आहे."

बंडूजींनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिले. "चार हजार लोकायनं पाहिलं," शेवटी ते हळूच म्हणाले. त्यात पश्चात्ताप किती आणि अभिमान किती, ते मारुतीलाच ठाऊक. मग ते ताट घेऊन देवेंद्रजवळून उठले आणि बुवांच्या शेजारी जाऊन बसले. एका पापाचे दोन वाटेकरी झाले.

आता तोडग्यांना ऊत आला. देवेंद्र म्हणाला, "आवाज जोडलेला आहे म्हणून सांगा. आजकाल मशीन कोणाचाही आवाज काढते."

"अन् समोर बसलेलं अख्खं वडनेर? ते बी मशीननं काढलं?" बुवा म्हणाले.

"अतिशयोक्ती अलंकार म्हणा, बाबा," इला म्हणाली. "दहावीच्या पोरायले मी हेच शिकवते."

"ताई, कोर्टात अलंकार चोरीला गेले तरच कामाचे," मंजुषाताई म्हणाल्या. त्यांनी बुवांसमोर मांडी घातली. "बुवा, मला साधं सांगा. त्या दुपारी काय झालं? भाजीचा भाव सांगावा तसं."

बुवांनी घसा साफ केला. "वैशाखवणवा पेटलेला…"

"तारीख."

"सूर्यनारायण मस्तकावर…"

"किती वाजले होते?"

"सव्वा दोन," बुवा हिरमुसून म्हणाले.

इला तोंडावर पदर धरून हसत होती. देवेंद्रलाही हसू येऊ लागलं होतं आणि त्याचा त्याला राग येत होता. पण चौथ्या-पाचव्या खेपेला बुवांची गाडी रुळावर आली. पोरगा आत आला. सुरा लावला. रक्त आलं. सुनेनं पट्टी फिरवली, एकदाच. तो समोर होता, तोंडासमोर.

"मग?"

"मग तो पळा…" बुवा थांबले. त्यांनी डोळे मिटले. कीर्तनाआधी मिटत तसेच. पण या वेळी उघडले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "मंजुषाताई, मले तं तलवार दिसून राह्यली."

"काय?"

"आठवायले गेलो तं तेच दिसते. पुढं तो, मागं रुख्मिणी, हातात काहीतरी चमकून राह्यलं. ती मागं धावली, हे खरंच पाहिलं मी. समोरच्या पानठेलेवाल्यानं बी कोर्टात तेच सांगितलं ना? बाई मागून पळत आली म्हणून? मग मी कीर्तनात खोटं बोललो का खरं बोललो? मलेच समजून नाई राह्यलं."

हसणं थांबलं. आठ कीर्तनांत आठ वेळा सांगून सांगून म्हाताऱ्यानं खऱ्या दुपारवर इतका रंग चढवला होता, की खालची भिंतच दिसेनाशी झाली होती.

स्वयंपाकघराच्या दारात रुख्मिणी उभी होती. हाताला कणीक. ती सहज म्हणाली, "तलवार नव्हती, मामाजी. लोटा होता."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"स्टीलचा लोटा. उन्हात चमकला असंल. तो दारात पडला तं त्याचे ओठ हालून राह्यले होते. मी माठातलं पाणी घेतलं अन् धावली."

मंजुषाताईंनी लॅपटॉप बाजूला सारला. "काकू, दोन वर्षं झाली! चाळीस वेळा बसलो आपण! हे मला काऊन नाई सांगितलं?"

"त्यात काय सांगाचं?" रुख्मिणीला खरोखरच कळेना. "मरत्याच्या तोंडात पाणी कोणीबी घालते. तुम्ही सारे विचारत होते, मारलं काऊन. पाणी काऊन पाजलं, हे कोणी विचारलंच नाई."

मंजुषाताईंनी पिशवी जमिनीवर पालथी केली. कागदांच्या ढिगातून घटनास्थळाचा पंचनामा काढला आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागल्या. "सुरा… लोखंडी पट्टी… हे पाहा. 'स्टीलचा लोटा, एक नग, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, उपडा.' आणि इथं, 'मृताच्या शर्टाची कॉलर ओली.' पहिल्या दिवशीचा कागद आहे हा, पोलिसांनीच लिहिलेला! आम्ही समजलो, झटापटीत लोटा सांडला. पानठेलेवाला खरंच बोलला हो. त्यानं धावताना पाहिलं. हातात काय होतं, ते त्याला दिसलं नाही."

"मले दिसलं होतं," बुवा एकदम म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर ती दुपार परत आली. यावेळी तबल्याविना. पोरीच्या गळ्यातून रक्त गळतंय, आणि पट्टी फिरवली त्याच हातानं ती त्याची मान उचलून धरतेय. "मले दिसलं होतं, अन् मी ते काढून टाकलं. गिरडहून येताना एसटीत आख्यान बांधत होतो. वीररसात पाणी बसत नाई. म्हणून लोटा काढला अन् तलवार टाकली."

मंजुषाताईंनीच हळू आवाजात पुढचं सांगितलं. "उद्या हे सगळं बोलावं लागेल, बुवा. सरकारी वकील विचारणार, नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं बोललात का? त्याला 'हो' म्हणावं लागेल. उगाच इकडं तिकडं केलं, तर लोट्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

आता हे 'हो' केवढं होतं, ते ज्यानं कीर्तन ऐकलंय त्यालाच कळेल. कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो ती जागा त्याची नसते, नारदाची असते. तिथं उभा असताना पंधरा वर्षांच्या पोराच्याही पाया सत्तर वर्षांचा म्हातारा पडतो. कोर्टात खोटं बोलून कीर्तनात पस्तावलेले लोक पुष्कळ असतील. कीर्तनात खोटं बोललो, असं कोर्टात सांगायचं म्हणजे पन्नास वर्षांचं पुण्य आपल्या हातानं चव्हाट्यावर मांडायचं.

"मामाजी नाई जाणार," रुख्मिणी म्हणाली.

"पागल झाली का तू?" देवेंद्र उठलाच. मघापर्यंत बापावर तापलेला तो, आता बायकोवर तापला.

"नाई जाणार. माह्या टाक्यायचा डॉक्टरचा कागद आहे, लोट्याचा कागद आहे. त्याच्यावर जे होईल ते होईल. चार तालुक्याचे लोक यायच्या पाया पडतात. माह्यापायी यायनं भर कोर्टात मान खाली घालाची?"

"वहिनी बरोबर म्हणते," इलाचे डोळे भरले होते.

"काय बरोबर म्हणते?" बंडूजी गरजले. "माही बहीण आत जाईल ते बरोबर?"

"कागद बोलत नाही, काकू," मंजुषाताई म्हणाल्या. "लोटा कोणी आणला, कशाला आणला, ते सांगायला माणूस लागतो."

भांडण असं ऐन भरात आलं असताना बुवांनी ताटातली उरलेली वांग्याची भाजी, बिनमिठाची, पुसून खाल्ली. हात धुतला. "बंडूजी, उद्या तुमची गाडी किती वाजता येते?" त्यांनी विचारलं.

"मामाजी…" रुख्मिणीनं सुरुवात केली.

"तू पोळ्या कर, माय. लोकं भुकेले आहेत."

*

हिंगणघाटच्या कोर्टात सोमवारी जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. बुवांची साक्ष म्हणून वडनेरचं भजनी मंडळ टोप्यांसकट आलं होतं. शिपायानं तिघांना बाहेर काढलं. ते मागच्या दारानं परत आत आले. शेवटच्या बाकावर, कापडी पिशवी मांडीवर घेऊन, सीताबाई बसल्या होत्या. अंकितची आई. त्या प्रत्येक तारखेला येत, कोणाशी बोलत नसत, आणि जेवणाच्या सुट्टीतही जागा सोडत नसत.

बुवांनी शपथ घेतली. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, हे म्हणताना त्यांचे हात सवयीनं जोडले गेले. मंजुषाताईंनी विचारलेलं त्यांनी साधंसुधं सांगितलं. तारीख, सव्वा दोन, सुरा, एक घाव, माठ, लोटा. एकदा "वैशाख…" म्हणून सुरुवात झाली होती, पण मंजुषाताई नुसत्या खोकल्या आणि बुवांनी "मे महिना" केलं.

सरकारी वकील भला माणूस होता. त्यानं आधी बुवांना नमस्कार केला आणि मग व्हिडिओ लावला. तबला कडाडला. 'गाठला… गाठला…' झालं. टंकलेखकाचा पाय टेबलाखाली ठेका धरू लागला आणि न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहताच थांबला.

"हे तुम्हीच ना, बुवा?"

"मीच."

"यात तो पळाला असं तुम्ही म्हणता. सुनेनं पाठलाग करून गाठलं म्हणता. खरं की खोटं?"

"खोटं."

"नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं बोललात?"

भजनी मंडळाच्या टोप्या हलेनाशा झाल्या. देवेंद्रनं रुमाल मुठीत आवळला. आरोपीच्या जागेवर रुख्मिणीनं डोळे मिटून घेतले.

"हो," बुवा म्हणाले. "एकदा नाई. आठ वेळा."

"काऊन?" सरकारी वकिलाच्या तोंडून गावची भाषा निसटली.

"तबलेवाल्यानं लय वाढवली, साहेब. लोकायच्या माना डोलायले लागल्या. देवीच्या आख्यानात राक्षस पळतेच, मग मीबी पळवला."

कोर्टात हशा उसळला. न्यायाधीशबाईंनी पेन ओठांवर धरलं. सरकारी वकीलही हसला, आणि हसताहसताच त्यानं नेम धरला. "म्हणजे ऐकणाऱ्याला आवडेल ते तुम्ही बोलता. मग आज इथं सुनेला आवडेल ते बोलत नाही, हे कशावरून?"

बुवांनी कठड्यावर हात ठेवला. उत्तर शोधत असतील असं बघणाऱ्यांना वाटलं. ते उत्तर गिळत होते. एक सुंदर ओवी जिभेवर आली होती, ती.

"सून तं म्हणे, नका जाऊ," ते म्हणाले. "अन् मले काय आवडते ते विचाराल, तर मले ती गादी आवडते. दुसरं काही येतच नाई मले. आत्ता तुम्हाले 'हो' म्हणलं ना, तं ती गेली. हे पाहा, माह्यासमोर अख्खं मंडळ बसलं आहे. खोटंच बोलायचं असतं, तर ती वाचवायले बोललो असतो."

सरकारी वकिलानं कागद उलटला. सुलटा केला.

"शेवटचं विचारतो. तो पळत नव्हता, हे तुम्हाला नक्की आठवतं?"

"अंकित पळाला नाई, साहेब." बुवांनी पहिल्यांदाच ते नाव घेतलं. आठ कीर्तनांत त्याला नाव नव्हतं. "पळाला असता तं जगला असता. कीर्तनात पळवला मी त्याले. दुकानात पळवता आला असता, तं काय पाहिजे होतं."

"आणखी प्रश्न नाहीत," सरकारी वकील म्हणाला आणि बसला.

बुवा पिंजऱ्यातून उतरले. बाहेर व्हरांड्यात भजनी मंडळाचा म्होरक्या आडवा आला. आता हा काय बोलतो म्हणून बंडूजी अस्तन्या सारून पुढं झाले.

"बुवा, रामनवमीले कीर्तन आहे," म्होरक्या म्हणाला. "तुमचंच."

"मी नाई उभा राहणार आता."

"बरं. मग बसून करजा. पण लोट्याचंच लावजा. ते तलवारीचं आमाले तवाच खरं वाटलं नवतं."

"मग टाळ्या काऊन वाजवल्या रे?" बंडूजी ओरडले.

"तुमी मोबाइल धरून व्हते ना तोंडासमोर!"

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मधुकरबुवा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

*

निकाल तीन आठवड्यांनी लागला. निकालपत्र लांबलचक होतं, पण घरच्यांच्या ध्यानात एकच वाक्य राहिलं, आणि इलानं ते शाळेच्या वहीत लिहून ठेवलं : पळणाऱ्याला मारायला धावणारी व्यक्ती हातात पाण्याचा लोटा घेऊन धावत नाही. घाव समोरून आणि एकच, गळ्यावर सुऱ्याची जखम, आणि पहिल्याच दिवशीच्या कागदात उपडा लोटा. आरोपीनं स्वतःच्या बचावाचा हक्क ओलांडला नाही. निर्दोष.

देवेंद्र बाकावरच बसून राहिला. त्याला उभं राहता येईना. बंडूजींनी कोर्टाच्या आवारातच पेढ्यांचा डबा उघडला, पहिला पेढा मंजुषाताईंच्या तोंडात कोंबला, दुसरा ओळख ना पाळख अशा एका पक्षकाराच्या, आणि तिसरा घेऊन सरकारी वकिलामागं धावले. इलानं बुवांना मिठी मारली. रुख्मिणी मात्र वाकून सासऱ्यांच्या पाया पडली, आणि त्यांनी पाय मागं घेतले तरी पडली.

"मामाजी, घरी गेल्यावर भाजीत मीठ घालते. आजच्या दिवस."

"डॉक्टर?"

"त्याले कोण सांगते?"

ती उठून वळली, तो समोर सीताबाई. काखेत कापडी पिशवी. आवारातला गलका आपोआप बसला. देवेंद्र बाकावरून उठून बायकोजवळ आला.

"बाई," सीताबाई म्हणाल्या. एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज कोणी ऐकलाच नव्हता. बारीक होता. "एक विचाराचं होतं. बुवायच्या साक्षीच्या दिवशीच विचारणार होती. हिंमत नाई झाली."

"विचारा ना."

"पाणी पेला का त्यानं? का सारं सांडलं?"

रुख्मिणी त्यांचा हात धरून पायरीवर बसली. "पेला. दोन घोट पेला. तिसरा नाई गेला."

"दोन गेले?"

"दोन गेले. मी मान धरून होती."

सीताबाई बोटांनी पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. पेढ्यांचा डबा बंडूजींनी हळूच मिटला. बुवांच्या ओठांवर अशा वेळची शंभर वचनं तयार होती. त्यांनी त्यातलं एकही बाहेर येऊ दिलं नाही, नुसते उन्हाच्या बाजूनं सरकून उभे राहिले, म्हणजे दोघींवर सावली पडेल.

"घरून उपाशी गेलता तो," सीताबाई म्हणाल्या. "भांडून. पाणी बी न पेता. दोन वर्ष झाले, मी घोट घेतला का मले तेच दिसे." मग त्यांनी रुख्मिणीकडं नीट पाहिलं.

"थंड होतं का?"

"माठातलं होतं, माय."